निफाडचा कांदा आणि दिल्लीतला खासदार

१४ सप्टेंबर २०२० रोजी संसदेचे पावसाळी अधिवेशन सुरू झाले. त्याच दिवशी सरकारने जीवनावश्यक वस्तू कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक लोकसभेत मांडले आणि दुसऱ्या दिवशी सभागृहाने ते मंजूर केले. धान्य, कडधान्ये, तेलबिया, बटाटा आणि कांदा यांच्या व्यापारावरची जुनी बंधने आता उठली, शेतकरी मोकळा झाला, असे सांगण्यात आले. विधेयक मांडले गेले त्याच १४ तारखेला विदेश व्यापार महासंचालनालयाने एक अधिसूचना काढून कांद्याची निर्यात बंद केली. कांदा मोकळा करणारा कायदा सभागृहात आला, चर्चेला गेला, नोंदला गेला. कांदा अडवणारा हुकूम मात्र सभागृहाची पायरीही चढला नाही. निफाड तालुका ज्या दिंडोरी मतदारसंघात येतो, तिथल्या खासदार डॉ. भारती पवार तेव्हा सत्ताधारी बाकांवर होत्या. पक्षाच्या बाजूने मत देण्याची संधी त्यांना विधेयकावर मिळणार होती. निर्यातबंदीवर मत देण्याची वेळ कोणावरच येणार नव्हती. उजव्या पक्षाच्या ग्रामीण खासदाराची निफाडच्या भागातली गेल्या वीस वर्षांची कारकीर्द समजून घ्यायची असेल, तर याच दोन दिवसांपासून सुरुवात केली पाहिजे. ज्या निर्णयावर त्याचे राजकीय आयुष्य ठरते, तो निर्णय त्याच्या सभागृहात होतच नाही. मतदार मात्र त्याच निर्णयाचा जाब त्याच्याकडे मागतो, आणि मला वाटते, तो जाब अन्यायाने मागत नाही.

दिल्लीशी असलेला हा हिशेब भाजपच्या उदयाहून जुना आहे. नाशिक जिल्ह्याने लोकसभेत निरनिराळ्या रंगांची माणसे पाठवली. १९५७ मध्ये दादासाहेब गायकवाड नाशिकमधून निवडून गेले आणि पुढे भूमिहीनांच्या सत्याग्रहाचे नेते झाले. १९६३ च्या पोटनिवडणुकीत संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण इथून बिनविरोध गेले. १९७७ मध्ये शेतकरी कामगार पक्षाचे विठ्ठलराव हांडे निवडून आले. या काळात निफाडची शेती बदलत होती. नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्याने आणि कालव्यांनी पाणी आणले होते, ऊस आला, साखर कारखाने आले, पुढे द्राक्षबागा आल्या, आणि १९४७ मध्ये स्थापन झालेल्या लासलगाव बाजार समितीभोवती कांद्याचे जग उभे राहिले. बाजारासाठी पिकवणाऱ्या शेतकऱ्याला भावाचा प्रश्न पडतो, आणि भावाचा प्रश्न पडला की सरकारशी गाठ पडते. ती गाठ १९८० मध्ये उघड झाली. चाकणच्या कांदा आंदोलनानंतर शरद जोशींची शेतकरी संघटना नोव्हेंबरमध्ये नाशिक जिल्ह्यात उतरली. उसाला टनाला ३०० रुपये आणि कांद्याला रास्त भाव ही मागणी होती. पिंपळगाव बसवंतचे माधवराव खंडेराव मोरे, निफाडचे प्रल्हाद पाटील कराड अशी स्थानिक माणसे पुढे होती. निफाड तालुक्यातल्या खेरवाडीला रेल्वे अडवणाऱ्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला आणि दोन शेतकऱ्यांचा जीव गेला. सरकारे काँग्रेसची होती. शेतमालाचे भाव दिल्ली पाडते ही इथली धारणा तेव्हापासूनची आहे आणि तिला पक्षाचा रंग नाही.

या पार्श्वभूमीवर भाजप ग्रामीण नाशिकमध्ये आला. शेटजी-भटजींचा पक्ष अशी ज्याची हेटाळणी होत असे, त्या पक्षाला इथे शेतकरी समाजातली माणसे शोधावी लागली. १९८९ मध्ये डॉ. दौलतराव आहेर नाशिकमधून भाजपचे खासदार झाले. पुढे १९९५ नंतरच्या युती सरकारात ते आरोग्यमंत्री होते. काँग्रेसच्या सहकारी साम्राज्याला कंटाळलेला, देवाधर्माला मानणारा, जमीन कसणारा आणि बाजारावर विश्वास ठेवणारा मतदार या पक्षाला मिळू शकतो, हे त्या विजयाने दाखवले. दुसरी वाट डोंगरातून निघाली. सुरगाणा तालुका डाव्यांचा बालेकिल्ला. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे जे. पी. गावित तिथून पुन्हा पुन्हा आमदार झाले. त्याच सुरगाण्याच्या हरिश्चंद्र चव्हाणांना भाजपने २००४ मध्ये अनुसूचित जमातींसाठी राखीव असलेल्या मालेगाव मतदारसंघातून लोकसभेत नेले. आदिवासी पट्ट्यात डाव्यांना पर्याय म्हणून उभा राहिलेला हा माणूस लागोपाठ तीन वेळा खासदार झाला. देशाच्या राजकारणात त्यांचे नाव फारसे गाजले नाही. म्हणूनच त्यांची कारकीर्द अभ्यासावी अशी आहे, कारण लोकसभेतले बहुसंख्य ग्रामीण खासदार असेच असतात.

२००८ च्या पुनर्रचनेने या कारकिर्दीला वेगळे वळण दिले. मालेगाव हा लोकसभा मतदारसंघ संपला आणि दिंडोरी तयार झाला. नांदगाव, कळवण, चांदवड, येवला, निफाड आणि दिंडोरी असे सहा विधानसभा मतदारसंघ त्यात आले. लोकसभेची जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव, पण सहांपैकी विधानसभेला राखीव फक्त दोन, कळवण आणि दिंडोरी. म्हणजे पश्चिमेला सुरगाणा-पेठचे डोंगर, भात-नागलीची शेती, वनजमिनीचे दावे आणि कामासाठीचे स्थलांतर. पूर्वेला निफाड-येवला-चांदवडचा कांदा आणि द्राक्षे. डोंगरातल्या मतदाराचे दुखणे जमिनीच्या हक्काचे, सपाटीवरच्या मतदाराचे भावाचे. निफाडमधला प्रभावी शेतकरी समाज या जागेवर स्वतः उभा राहू शकत नाही. त्याला प्रतिनिधी डोंगरातला निवडायचा असतो. आरक्षणाने निफाडचा आवाज हरवला, अशी कुजबुज इथे होते. तिच्यात तथ्य नाही असे माझे मत आहे. आरक्षण नव्हते तेव्हाही निर्यातबंद्या झाल्या, आणि माढ्यासारख्या खुल्या मतदारसंघातून गेलेले शरद पवार कृषिमंत्री असतानाही झाल्या. आवाज हरवण्याचे कारण खासदाराच्या जातीत किंवा गावात नाही, ते निर्णयाच्या पद्धतीत आहे.

चव्हाणांच्या तीन मुदती हे जणू ठरवून मांडल्यासारखे उदाहरण आहे. पहिली दहा वर्षे ते विरोधी बाकांवर होते, शेवटची पाच सत्ताधारी बाकांवर. २००९ मध्ये त्यांनी राष्ट्रवादीच्या नरहरी झिरवाळांना सुमारे ३७ हजार मतांनी हरवले, २०१४ मध्ये राष्ट्रवादीच्याच भारती पवारांना सुमारे २ लाख ४७ हजारांनी. आता कांद्याकडे पाहा. डिसेंबर २०१० मध्ये भाव भडकले आणि मनमोहनसिंग सरकारने निर्यात थांबवली. विरोधी पक्ष म्हणून भाजपने देशभर काय केले? महागाईवर रान उठवले. पक्षाची तक्रार कांदा महाग झाल्याची होती. कांदा उत्पादकाची तक्रार निर्यात थांबल्याची होती. म्हणजे विरोधात असतानाही दिंडोरीचा भाजप खासदार आपल्याच पक्षाच्या राष्ट्रीय घोषणेच्या उलट बाजूला उभा होता. २०१४ मध्ये त्याचा पक्ष सत्तेत आला. मे महिन्यात शपथविधी झाला आणि १७ जूनला कांद्यावर टनाला ३०० डॉलरचे किमान निर्यात मूल्य बसले. २ जुलैला ते ५०० डॉलर झाले. अडीच लाखांच्या मताधिक्याने निवडून दिलेल्या मतदाराला महिनाभरात मिळालेले हे उत्तर होते. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये हे मूल्य ७०० डॉलरवर गेले. बाक बदलले, सरकार बदलले, पण कांद्याकडे पाहण्याची दिल्लीची नजर बदलली नाही.

ती का बदलली नाही याचे उत्तर भाजपच्या स्वतःच्या इतिहासात सापडते. १९८० च्या निवडणुकीत कांद्याच्या भावाने जनता राजवटीला घेरले होते. १९९८ च्या हिवाळ्यात दिल्लीत कांद्याने चाळीस-पन्नास रुपयांचा टप्पा गाठला आणि नोव्हेंबरच्या निवडणुकीत भाजपची दिल्लीतली सत्ता गेली. सुषमा स्वराज यांना निवडणुकीच्या तोंडावर मुख्यमंत्री करूनही ती वाचली नाही. ज्या पक्षाचा मूळ मतदार शहरातला मध्यमवर्ग आणि छोटा व्यापारी, त्या पक्षाच्या मनात ही भीती खोल रुतून बसली. ग्रामीण खासदाराला दिल्लीत जाऊन लढावे लागते ते या आठवणीशी. त्याच्याकडे एक मतदारसंघ असतो, समोर देशभरातली शेकडो शहरे असतात. पक्षाची बेरीज कोणत्या बाजूला झुकणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

आता हा हुकूम निफाडमध्ये पोचतो तेव्हा काय होते ते जवळून पाहू. लासलगावच्या किंवा पिंपळगावच्या आवारात सकाळी ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि पिकअप ओळीने लागतात. व्यापारी एकेका वाहनापाशी येतात, माल हातात घेऊन पाहतात, बोली होते, आणि काही क्षणांत कित्येक महिन्यांच्या कष्टाची किंमत कागदावर चढते. नंतर तोलाई, हमाली वजा होऊन हिशेबपट्टी हातात पडते. बंदीची बातमी संध्याकाळी आली तर दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्याच बोलीत ती दिसते, कारण निर्यातीसाठी घेणारा व्यापारी बोलीतून मागे सरतो. शेतकऱ्याने माल परत न्यावा, हे म्हणायला सोपे आहे. उन्हाळ कांदा चाळीत चार-सहा महिने राहतो, त्याला थोडे थांबता येते. नोव्हेंबरपासून येणारा लाल कांदा टिकत नाही. तो काढला की विकावाच लागतो. ७ डिसेंबर २०२३ रोजी निर्यातबंदीची अधिसूचना निघाली ती नेमकी लाल कांद्याच्या हंगामात. त्याआधी १९ ऑगस्टला ४० टक्के निर्यात शुल्क लागले होते आणि त्याच्या निषेधात जिल्ह्यातले लिलाव बंद पडले होते. ऑक्टोबरअखेर ८०० डॉलरचे किमान निर्यात मूल्य आले. उन्हाळ कांद्याच्या शेवटाला शुल्क, लाल कांद्याच्या सुरुवातीला बंदी. एकाच शेतकऱ्याचे दोन हंगाम एकाच वर्षात सरकारी कागदाने गेले. ऑगस्टमधले शुल्क संसदेचे अधिवेशन संपल्यावर आठवडाभराने आले. डिसेंबरची बंदी अधिवेशन चालू असताना आली, पण १९९२ च्या परकीय व्यापार कायद्याखाली ती काढायला सभागृहाच्या संमतीची गरजच नव्हती. २०२१ पासून केंद्रात आरोग्य राज्यमंत्री असलेल्या भारती पवारांना तर प्रश्नोत्तराच्या तासात प्रश्नही विचारता येत नव्हता, कारण मंत्री प्रश्न विचारत नाही, उत्तर देतो. पद वाढले आणि मतदारसंघाच्या सर्वात मोठ्या प्रश्नावर बोलण्याची वाट बंद झाली.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जाईल की मतदार कांद्यावर मत देतच नाही. हवा, आघाड्या, जात यांवर देतो. पुरावा म्हणून २०१९ पुढे केले जाते. नोव्हेंबर २०१८ मध्ये निफाड तालुक्यातल्या नैताळेच्या एका शेतकऱ्याला साडेसातशे किलो कांद्याचे १,०६४ रुपये मिळाले, आणि त्याने ते मनिऑर्डरने पंतप्रधानांना पाठवले. देशभर ती बातमी झाली. तरीही काही महिन्यांनी भाजपची जागा सुमारे १ लाख ९८ हजार मतांनी आली. उमेदवारी मात्र तीन वेळच्या चव्हाणांना मिळाली नाही. २०१४ मध्ये त्यांच्याविरुद्ध हरलेल्या आणि निवडणुकीच्या तोंडावर पक्षात आलेल्या भारती पवारांना मिळाली. मग कांदा कुठे गेला? माझे उत्तर असे की निफाडचा शेतकरी दोन प्रकारच्या पडझडींत फरक करतो. २०१८ मध्ये भाव पडले ते आवक वाढल्याने. बाजाराचा तोटा त्याच्या सवयीचा आहे. त्याबद्दल तो चिडतो, पण त्याला गुन्हेगार सापडत नाही. २०२३ मध्ये भाव पाडले गेले, तारीख आणि सही असलेल्या कागदाने. ४ मे २०२४ रोजी बंदी उठली तीही ५५० डॉलरचे किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून, आणि त्याच्या आठवडाभर आधी गुजरातच्या पांढऱ्या कांद्याला निर्यातीची वेगळी परवानगी मिळालेली होती. २० मेला दिंडोरीत मतदान झाले. भारती पवार सुमारे १ लाख १३ हजार मतांनी पराभूत झाल्या. शरद पवारांच्या राष्ट्रवादीचे शिक्षक उमेदवार भास्कर भगरे निवडून आले. भगरे याच आडनावाच्या दुसऱ्या एका उमेदवाराला मिळत्याजुळत्या चिन्हावर लाखाहून अधिक मते पडली, हेही लक्षात घ्यावे लागेल. नंतर तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनीच नाशिकमध्ये कांद्याने रडवल्याचे जाहीरपणे मान्य केले.

याच ठिकाणी प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की २०२४ चा निकाल एकट्या कांद्याचा नव्हता. २०१९ मध्ये जे. पी. गावितांनी माकपतर्फे लढून लाखभर मते घेतली होती. २०२४ मध्ये डावे विरोधी आघाडीसोबत होते. राज्यघटना आणि आरक्षण बदलले जाण्याची भीती डोंगरात होती. हे सगळे खरे आहे. पण बेरजेने सुमारे दोन लाखांची आघाडी एक लाखाहून मोठ्या पिछाडीत जाते, तेव्हा फक्त डाव्यांची मते इकडून तिकडे गेली असे म्हणून भागत नाही. त्याहून अवघड आक्षेप दुसरा आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये विधानसभेला निफाडने महायुतीच्या दिलीप बनकरांना निवडून दिले, चांदवडने भाजपच्या राहुल आहेरांना. सहा महिन्यांत राग विरला, म्हणजे तो राग खरा नव्हता, असे म्हणता येईल का? मी याचा अर्थ उलट लावतो. सप्टेंबरात केंद्राने किमान मूल्य काढले आणि शुल्क निम्म्यावर आणले होते. लाडकी बहीण योजनेचे पैसे घरात आले होते. आणि निर्यातीची किल्ली मुंबईत नसते हे मतदाराला नीट माहीत आहे. पक्षाशी भांडण असते तर ते दोन्ही निवडणुकांत दिसले असते. भांडण दिल्लीच्या एका कृतीशी होते, म्हणून ते दिल्लीच्या निवडणुकीत दिसले. या मतदाराची निष्ठा पक्षाकडे गहाण पडलेली नाही.

तिसरा आक्षेप खासदाराच्या धैर्याचा. पक्षांतरबंदी कायदा मतदानाला लागू आहे, बोलण्याला नाही. मग हे खासदार गप्प का? ठामपणे बोलणे हे त्यांचे कर्तव्य होते, त्यातून त्यांची सुटका नाही. पण बोलण्याने कांदा सुटतो, या समजुतीचीही परीक्षा झालेली आहे. २००४ ते २०१० या काळात खुद्द शरद जोशी शिवसेना-भाजपच्या पाठिंब्याने राज्यसभेत होते. शेतमालाच्या भावावर त्यांच्याइतके अभ्यासाने बोलणारा माणूस संसदेत क्वचितच बसला असेल, आणि महिला आरक्षण विधेयकावर एकट्याने विरोधी मत देण्याइतका तो बाणेदार होता. त्यांची मुदत जुलै २०१० मध्ये संपली. डिसेंबरात निर्यात पुन्हा बंद झाली. निर्णयाला जिथे भाषण लागतच नाही, तिथे उत्तम भाषणही इतिवृत्तात राहते. शहरी गरिबाला परवडणारा कांदा मिळाला पाहिजे, हा चौथा आक्षेप मला मान्य आहे. पण त्याची किंमत सरकारी तिजोरीने द्यावी. बाजारभावाने खरेदी करावी आणि स्वस्तात विकावे. ज्याचा लाल कांदा आठवडाभर थांबू शकत नाही त्याच्या हिशेबपट्टीतून ती कापून घेऊ नये.

म्हणून हरिश्चंद्र चव्हाण आणि भारती पवार यांच्या कारकिर्दींकडे व्यक्तींचे यशापयश म्हणून पाहणे अपुरे आहे. एकाने पंधरा वर्षे जागा राखली आणि पक्षाने त्याला बाजूला केले. दुसरीने मंत्रिपद मिळवले आणि मतदाराने तिला बाजूला केले. दोघांच्याही हाती ती अधिसूचना कधी नव्हती. जमीन, धर्म, कुटुंब आणि बाजार मानणारा जो ग्रामीण मतदार उजव्या पक्षाला मिळाला, त्याने राज्यसंस्थेकडे मागितले ते फार थोडे होते: आमच्या मालाच्या वाटेत येऊ नका. बाजाराच्या स्वातंत्र्याची भाषा करणाऱ्या पक्षाला तेवढे देता आले नाही, आणि त्याच्या आधीच्या पक्षालाही नाही. यावर उपाय सभागृहाच्याच हाती आहे. शेतमालाच्या निर्यातीवर बंदी, किमान मूल्य किंवा शुल्क लावणारी प्रत्येक अधिसूचना ठरावीक दिवसांत संसदेपुढे यावी, तिच्यावर चर्चा आणि मतदान व्हावे, आणि संमती न मिळाल्यास ती आपोआप संपावी. असे झाले तर सरकारला कारण सांगावे लागेल, पक्षाला आपल्या ग्रामीण खासदाराला व्हिप बजावताना विचार करावा लागेल, आणि निफाडच्या शेतकऱ्याला आपला खासदार कोणत्या बाजूला उभा राहिला हे नोंदीवरून कळेल. १ एप्रिल २०२५ पासून शुल्क पूर्ण उठले आहे, म्हणून ही मागणी आता शिळी झाली असे कोणी समजू नये. शुल्क उठवणारा कागदही सभागृहाला न विचारता निघाला, आणि पुढचाही तसाच निघू शकतो.